जत्रेला दार नसतं

दत्तजयंतीच्या आदल्या रात्री वडिलांचा फोन येतो. सारंगखेड्यात तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात, इथे स्पेनमध्ये, सेवियात, संध्याकाळचे साडेपाच. फोनमागे पाळण्यांची करकर, मौत का कुवाँमधल्या मोटारसायकलचा आवाज, तमाशाच्या फडातली ढोलकी आणि मधूनच एखाद्या घोड्याचं खिंकाळणं. गेल्या खेपेला त्यांनी ख्यालीखुशाली विचारायच्या आधीच सांगून टाकलं, ‘‘पोरी, यंदा घोडा गंज उनात, पन लेणारा कमी शेतस.’’ घोडे भरपूर आलेत, घेणारे कमी आहेत. हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. ज्या शहरात मी अकरा वर्षं राहते, त्या शहराची जत्राही एके काळी याच वाक्यापाशी येऊन थांबली होती. पुढे तिचं काय झालं ते मी रोज पाहते.

आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादे तालुक्यात, तापीच्या काठावर. दोंडाईचाहून शहाद्याकडे जाताना तापीचा पूल लागतो, तेच सारंगखेडा. दत्त म्हटलं की तीन मुखं डोळ्यांसमोर येतात, आमचा दत्त मात्र एकमुखी. मार्गशीर्ष पौर्णिमेला त्याची यात्रा भरते आणि तिच्या निमित्ताने घोड्यांचा बाजार. हा बाजार तीनशेहून अधिक वर्षांचा, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात, मध्य प्रदेश अशा सगळीकडून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, सिंधी. कानांची टोकं एकमेकांना भिडलेला घोडा मारवाडी किंवा काठेवाडी हे मला बाराखडीच्या आधी कळलं असावं. नुकरा म्हणजे पांढरा, मुश्की म्हणजे काळा, चारही पाय आणि कपाळ पांढरं तो पंचकल्याणी, मानेवरचा भोवरा म्हणजे देवमन. हे शब्द कुणी मुद्दाम शिकवले नाहीत. व्यापारी आमच्या शेताच्या बांधाला उतरायचे, आई त्यांच्याकडे भाकरी आणि भरीत पाठवायची, आणि ते पोचवायला मी जायचे.

एक सौदा मला अजून लख्ख आठवतो. सातपुड्यातून, धडगावच्या बाजूने एक पावरा आदिवासी बाप आणि त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आले होते. त्यांना तट्टू हवं होतं, डोंगरावर धान्य वाहायला. व्यापाऱ्याकडे पाच-सहा तट्टं होती. बापाने एकाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली केला आणि मुलाला जवळ ओढून दात दाखवले. अडीच वर्षं झाली की पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, मग साधारण वर्षाला एक जोडी, आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. मुलाने मोजलं आणि मान हलवली. मग बापाने तट्टू वाळूवरून चालवून पाहायचं टाळलं. तापीच्या पात्रात जिथे गोटे होते तिथे नेलं आणि लगाम सैल सोडला. तट्टू कुठे पाय टाकतं, टाकण्याआधी थांबतं का, एवढंच तो पाहत होता. त्या दिवशी त्याने घेतलं नाही. दोघं रात्री आमच्याच बांधावर झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी पैसे मोजले गेले आणि माझे वडील साक्षीला राहिले. त्याच व्यापाऱ्याकडून त्याच सकाळी इंदूरकडच्या एका बड्या शेतकऱ्याने नुकरा घोडी नेली. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक होता. चहा मात्र दोघांना एकाच किटलीतून, एकाच घोंगडीवर बसून मिळाला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोघंही गिऱ्हाईक होते. जत्रेतल्या समतेचं मूळ मला तिथे दिसतं. कुणाच्या मनाच्या मोठेपणावर ती अवलंबून नव्हती. त्या पावऱ्याला तिथे काम होतं, आणि ज्याला काम आहे त्याला कुणी ‘इथे कशाला आलास’ असं विचारत नाही.

आता सेवियाकडे येते. इंग्रजीच्या प्रभावामुळे आपण याला सेव्हिल म्हणतो. इथे दर वसंतात ‘फेरिया’ भरते. तिच्या जन्माच्या लिखित नोंदी आहेत. 1846 मध्ये नगरपालिकेच्या दोन सदस्यांनी जनावरांचा बाजार भरवण्याची मागणी केली. एकाचं नाव होसे मारिया दे इबारा, तो मूळचा बास्क प्रांतातला. दुसरा नार्सिसो बोनाप्लाता, कातालोनियातला. ज्या उत्सवाला आज सेविया आपल्या रक्तातला समजतं, तो बाहेरून आलेल्या दोघांनी सुरू केला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राणी इसाबेल दुसरी हिने परवानगी दिली आणि 18 एप्रिल 1847 रोजी पहिला बाजार भरला. गुरं, घोडे, खेचरं, मेंढ्या आणि सावलीसाठी एकोणीस कापडी मंडप. पुढच्याच वर्षी व्यापाऱ्यांनी तक्रार केली म्हणे, की शहरातले लोक गाण्याबजावण्यासाठी इतके लोटतात की सौदे करणं अवघड होतं. गाणं वाढत गेलं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शेतात ट्रॅक्टर आले, खेचरांची गरज संपली आणि बाजार विरून गेला. 1973 मध्ये फेरिया जुन्या मैदानावरून लोस रेमेदिओस भागातल्या आजच्या जागी आली, तेव्हा तिथे जनावरांच्या बाजाराचं नामोनिशाण उरलेलं नव्हतं. घोडे आजही येतात, हजारो दिव्यांनी उजळलेल्या कमानीखालून सजलेल्या बग्ग्या जातात आणि पायांखाली पिवळी माती खास आणून पसरतात. पण त्यातला एकही घोडा विकायचा नसतो.

मंडपाला इथे ‘कासेता’ म्हणतात. आज त्यांची संख्या हजारावर आहे, आणि त्यातले बहुतेक खासगी आहेत. एखादं कुटुंब, मित्रांचा गट, एखादी संस्था वर्षभर वर्गणी काढून तो मंडप चालवते. नवा मंडप मिळवायचा तर प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं काढावी लागतात. पहिल्या वर्षी मी साडी नेसून गेले होते. जत्रेला जायचं तर चांगलं लुगडं नेसून जायचं, हे आमच्या घरचं वळण. एका मंडपातून गाणं ऐकू आलं, लोक नाचत होते, पडदा अर्धा उघडा होता. मी सवयीने आत पाऊल टाकलं. दारावरच्या माणसाने अगदी सभ्यपणे विचारलं, ‘‘कुणाकडे आलात?’’ त्याचा काही दोष नव्हता, ते त्याचं कामच होतं. पण जत्रेत हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. सारंगखेड्यात लोक विचारतात, ‘‘कुठून आलात?’’ या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असतं. ‘कुणाकडे’ या प्रश्नाला मात्र ज्याची ओळख आहे त्याच्याकडेच उत्तर असतं.

नंतर माझ्या एका सहकारी मैत्रिणीने मला तिच्या कुटुंबाच्या मंडपात नेलं. खरं सांगायचं तर इतकं मनापासूनचं आदरातिथ्य मी युरोपात दुसरीकडे अनुभवलेलं नाही. तिच्या आजीने स्वतःच्या हाताने माझ्या पुढ्यात तळलेल्या माशांची ताटली सरकवली, मी मासे खात नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत बटाट्याचं ऑम्लेट आणलं, आणि मला सेवियानास नाचाची पहिली चार पावलं शिकवली. त्या मंडपात कुठल्या कंपनीचा फलक नव्हता, कुठल्या मंत्र्याचा फोटो नव्हता. सगळा खर्च त्यांनी वर्षभर साठवलेल्या पैशांतून. आपल्याकडे उत्सव म्हटला की प्रायोजक आणि पाहुण्यांच्या स्वागताची कमान आधी उभी राहते. त्या मानाने हा स्वाभिमान मला मोलाचा वाटला. त्यामुळे सेवियाच्या मंडपांना नावं ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. मला एवढंच कळलं, की घर आणि जत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवियात हजार सुंदर घरं एका रांगेत उभी राहतात, आणि ज्याला त्यातल्या एकाही घराचं आमंत्रण नाही तो रस्त्यावरून बग्ग्या बघत परत जातो. सार्वजनिक मंडप आहेत, नाही असं नाही. महापालिकेच्या वेगवेगळ्या प्रभागांचे, राजकीय पक्षांचे, कामगार संघटनांचे. पण ते थोडे, आणि तिथली गर्दी पाहिली की ते का हवे होते हे कळतं.

या फेरियाच्या वेशाचीही एक कथा आहे. झालरीझालरींचा जो घागऱ्यासारखा पोशाख जगभर स्पेनचा म्हणून ओळखला जातो, तो मुळात बाजारात येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बायकांचा, खेड्यातल्या आणि जिप्सी बायकांचा साधा कामाचा वेश होता. शहरातल्या सधन स्त्रियांना तो आवडला आणि त्यांनी उचलला. 1929 मध्ये सेवियात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाने त्याला प्रतिष्ठा दिली. या जिप्सींना स्पेनमध्ये ‘खितानो’ म्हणतात. त्यांचे पूर्वज आपल्याच उपखंडाच्या वायव्य भागातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालेलं आहे. स्पेनमधली त्यांची पहिली नोंद 1425 ची. घोड्यांचा व्यापार, घोड्यांचे केस कातरणं, लोहारकाम ही त्यांची कामं. त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पान्यी’ म्हणतात. आणि इथल्या कुठल्याही रस्त्यावर पोरगा या अर्थाने ‘चावाल’ हा शब्द कानावर येतो, तो त्यांच्याच बोलीतून स्पॅनिशमध्ये गेलेला. संस्कृत ‘शाव’ हे त्याचं मूळ. आपला ‘छावा’ त्याच मुळाचा. हे मला कळलं त्या दिवशी मी बसमध्ये दोन पोरांच्या गप्पा ऐकत माझ्या थांब्याच्या पुढे गेले.

ज्यांचा शब्द घेतला, वेश घेतला, नाच घेतला, त्यांना स्पेनने कसं वागवलं? 1749 मध्ये राजा फेर्नांदो सहावा याच्या काळात एका रात्रीत देशभरातले खितानो पकडून पुरुषांना आरमाराच्या गोद्यांमध्ये आणि बायकामुलांना वेगळ्या ठिकाणी डांबलं. 1943 मध्ये, फ्रँकोच्या राजवटीत, ग्रामीण पोलिसांच्या नियमावलीत खितानोंवर बारीक नजर ठेवावी, त्यांची कागदपत्रं तपासावीत, ते घोडे-खेचरं चोरणार नाहीत हे पाहावं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते कलम लोकशाही आल्यावर 1978 मध्ये गेलं. सेवियातल्या त्रियाना वस्तीत, जिथे फ्लामेंकोचं गाणं आणि नाच वाढला, तिथून खितानो कुटुंबं 1950 च्या दशकापासून शहराच्या कडेला हलवली गेली. हे वाचताना मला 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवतो. आपल्याकडे तो रद्द झाला 1952 मध्ये. जन्मावरून माणसाला चोर ठरवणारे कायदे दोन्ही देशांत होते, दोन्ही देशांत ते रद्द झाले, आणि दोन्ही देशांत पोलिसांची नजर मात्र कायद्यासोबत बदलली नाही.

बाजार होता तोवर खितानो व्यापारी फेरियाच्या मध्यभागी होता. त्याच्यावर नजर ठेवलेली असेल, पण त्याच्याशिवाय घोड्याचा सौदा होत नव्हता. बाजार गेला आणि त्याचं तिथलं कामच संपलं. त्याचा वेश घालून इतर नाचू लागले. फेरियाची मालकी कुणाकडे गेली हे अलीकडच्या एका गोष्टीवरूनही दिसतं. फेरिया किती दिवसांची असावी हे ठरवण्यासाठी 2016 मध्ये महापालिकेने शहरातल्या नागरिकांचं मत घेतलं. 2024 मध्ये तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा विचारलं गेलं ते मंडपधारकांना.

सेवियापासून शंभर किलोमीटरच्या आत हेरेस नावाचं गाव आहे. तिथेही मे महिन्यात घोड्यांचा उत्सव होतो, त्याचं नावच ‘घोड्याची फेरिया’. सेविया ज्या प्रांतात आहे त्या अंदालुसियाच्या घोड्यांची कला शिकवणारी प्रसिद्ध शाळा याच गावात 1973 मध्ये सुरू झाली. तिथे जवळजवळ सगळे मंडप सर्वांना खुले असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दाराशी थांबले, सेवियाची सवय झाली होती. आतून एका म्हाताऱ्याने हात केला, ‘‘या की आत, ऊन लागतंय.’’ तोच प्रांत, तीच भाषा, तोच नाच. म्हणजे मंडपाला दार बसवणं हा काही परंपरेचा अटळ निकाल नाही. गाव ठरवतं आणि तसं होतं.

सारंगखेड्याने अजून ठरवलेलं नाही, असं मला वाटतं, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. गेल्या दहाएक वर्षांत यात्रेला ‘चेतक फेस्टिव्हल’ हे नाव मिळालं, राज्याच्या पर्यटन विभागाने हात दिला, पर्यटकांसाठी तंबूनगरी उभी राहिली, घोड्यांच्या नृत्याच्या, चालीच्या, शर्यतींच्या स्पर्धा होऊ लागल्या. त्यातलं पुष्कळ चांगलं आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावाचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आज मुंबईचा माणूस ‘घोड्यांचं गाव ना?’ म्हणतो. रेवाळ चालीचा घोडा पाण्याचा पेला न सांडता कसा धावतो, हे शहरातल्या पोरांनी पाहावं, यात मला आनंदच आहे. पण दरवर्षी वर्तमानपत्रात ज्या घोड्याचा फोटो येतो, त्याची किंमत कोटींमध्ये सांगितलेली असते आणि तो विकायला आणलेला नसतो. फोटो त्याचा येतो. बांधावर तीन दिवस बसून तट्टू घेणाऱ्याचा येत नाही. बाजाराचं प्रदर्शन होण्याची सुरुवात अशीच होते.

गिऱ्हाईक का घटलं, याचंही उत्तर साफ आहे. सातपुड्यात रस्ते झाले, तोरणमाळपर्यंत जीप जाते, धडगावच्या पोराकडे मोटारसायकल आहे. तट्टावर धान्य लादून घाट चढायची वेळ कुणावर येऊ नये, त्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. सेवियातही खेचर गेलं ते शेतकऱ्याच्या भल्यासाठीच. प्रश्न त्यापुढचा आहे. तट्टाची गरज संपली म्हणून पावरा बापलेकाची जत्रेतली जागाही संपायची का? ती जागा त्यांना कुणी दान दिलेली नव्हती. बाजाराने दिली होती, आणि आता बाजार ती देऊ शकत नसेल, तर ती गावाने द्यायला हवी, विचारपूर्वक, ठराव करून. वरातीची घोडी, टांग्याचा घोडा, छंद म्हणून पाळलेला घोडा यांचा व्यवहार अजून होतो, तो लहान व्यापाऱ्याच्या जिवावर होतो. त्याच्या घोड्याला चारा-पाणी, उतरायला फुकट जागा आणि जनावरांचा डॉक्टर हे आधी, रंगमंच मागून.

ग्रामपंचायतीला आणि यात्रेचं काम पाहणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या आराखड्यात नदीकडचा भाग लहान व्यापाऱ्यांसाठी आणि डोंगरातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी राखून ठेवा. भाडं नको, पास नको. स्पर्धेच्या मैदानाची एक बाजू मोकळी सोडा, जिथून बैलगाडीवर उभं राहूनही घोडा दिसेल. तंबूनगरीतल्या पाहुण्याला कुंपण लागणार, ते असू द्या. पण ते कुंपण मंदिर, बाजार आणि नदी यांच्या मधल्या वाटेवर येऊ देऊ नका. आणि यात्रेचे दिवस, जागा, दर यांवर गावाचं मत घ्याल तेव्हा ग्रामसभेत घ्या, फक्त दुकान लावणाऱ्यांच्या बैठकीत नको.

आमच्या शेताचा बांध यंदाही मोकळाच आहे. वडिलांनी त्यावर काही पेरलेलं नाही. व्यापारी उतरले तर भाकरी पोचवायला मी असेन, तिकीट काढलेलं आहे.